तेरावी पिशवी

सन १९२६. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि रत्नागिरीच्या बंदरावर माझ्याइतका सरळ टाका घालणारा दुसरा कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. माझा बापूस होता, पण तो बापूस, त्याला धरायचं नाही. शाळा म्हणाल तर मराठी तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून काढून खिडकीबाहेर टाकली आणि तिच्यामागून स्वतःही उडी टाकली. तो जो बाहेर पडलो तो मिरकरवाड्याच्या बाजूला आमच्या शिडं शिवायच्या मांडवात येऊन बसलो. हे लिहितो आहे ते नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. अक्षर वाकडं आहे हे मला दिसतं. कोणी सांगायला येऊ नये.

लिहायचं आहे ते मात्र एका मास्तरांबद्दलच. त्यांच्या शाळेत मी कधी पाऊल टाकलं नाही, तरी मला शिकवलं म्हणावं तर त्यांनीच. हे त्यांच्या तोंडावर मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी त्या शब्दांचंही वजन केलं असतं.

कारण ते वजन करायचे. सगळ्याचं. इंग्रजी शाळेत भूगोल आणि कवाईत शिकवायचे, वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर पागोटं, अंगात काळा कोट आणि खाली गुडघ्याच्या वर खाकी चड्डी. गाव सगळं धोतराचं. बायका त्यांना पाहिलं की तोंडाला पदर लावायच्या. मास्तर म्हणायचे, "धोतर ओलं झालं की पायांत दोन रत्तल वाढतात. मी वाढवून घेत नाही." कोटाच्या उजव्या खिशात त्यांचा काटा असायचा. वर धरायची कडी, खाली लोखंडी आकडी, मधल्या पितळी पट्टीवर रत्तलाच्या खुणा, रत्तल म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी. बाजारात भोपळा दिसला, अडकव. कोणाची छत्री दिसली, अडकव. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या गळ्यातला हार काढून आकडीला लावला आणि भर मांडवात म्हणाले, "अडीच रत्तल. बाबा रे, ही तर सुरुवात आहे." नवरीचा बाप दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हता.

आमच्या मांडवात ते पहिल्यांदा आले तेव्हा माझं जेवणाचं गाठोडं खुंटीला होतं. ते काढलं आणि अडकवलं आकडीला. मास्तर ब्राह्मण. मी म्हटलं, "मास्तर, आत बोंबील हायत."

"मग? बोंबलाला वजन नसतं?"

बापूस हसला. मी नाही हसलो. माझ्या गाठोड्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावलेला मला खपत नसे.

"एक रत्तल आणि वर थोडं," मास्तर म्हणाले. "चांगलं जेवतोस. टाका दाखव."

मी शीड पुढे केलं. त्यांनी ते उन्हात धरलं, नखाने शिवण खरवडली, आणि मला विचारलं, "पाठीवर घ्यायची पिशवी शिवशील? मला तेरा हव्यात."

तर गोष्ट अशी होती. मास्तरांनी शाळेत बालवीरांचं पथक काढलं होतं. बारा पोरं, बारा-तेरा वर्षांची. आमच्या बंदरावर त्याला 'स्काउट' म्हणत आणि त्याचा अर्थ 'गळ्यात रुमाल बांधून उन्हात फिरणारी बामणांची पोरं' असा लावत. पोरं सगळी बामणांची नव्हती, राजिवड्याचा हसन होता, दोन भंडाऱ्यांची होती. मार्गशीर्षात ह्या पोरांना घेऊन मास्तर चालत गणपतीपुळ्याला जाणार होते. साखरतरला खाडी ओलांडायची, काळबादेवी, आरे-वारे करत किनाऱ्याने वर, दोन रात्री बाहेर झोपायचं, स्वतःचं स्वतः रांधायचं आणि स्वतःचं सामान स्वतःच्या पाठीवर न्यायचं. ह्या शेवटल्या कलमावर सगळं अडलं होतं.

त्याआधी एकदा सरावासाठी पोरांना नुसतं किल्ल्यावर नेलं होतं. मास्तरांनी त्याची हकीकत मला सांगितली ती अजून आठवते. एकाने ट्रंक आणली होती, ती वाहायला गडी आणला होता. वकिलांच्या बंडूची गादी होती आणि गादीत गुंडाळलेला पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता. एकाच्या पिशवीत पाटपाणी मांडायला खरोखरचा पाट निघाला. "किल्ला तिथे आहे," मास्तर म्हणाले, "आणि ही लष्करं अर्ध्या वाटेत बसली. मी शत्रू असतो तर नुसता टाळ्या वाजवत आलो असतो."

मग त्यांनी सामान निवडायची त्यांची रीत काढली. पोरांना आपल्या घराच्या ओटीवर बोलवायचं, आणलेलं सगळं मांडायला लावायचं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचं, "हे कोणाला लागतं? तुला, का तुझ्या आईला?" आईला लागतं ते ओटीवर राहायचं. बंडूच्या वस्तूंतली एक घोंगडी तेवढी त्याला लागणारी निघाली. तांब्याच्या जागी सुकवलेल्या कडू भोपळ्याचा तुंबा आला, कारण तोही तेवढंच पाणी धरतो आणि वजनाला काही नाही. नारळ एका पोराने चार आणले होते. मास्तरांनी ते उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिले आणि समोरच्या माडाकडे बोट केलं. "आरे-वाऱ्यापर्यंत हीच झाडं उभी आहेत. त्यांचं ओझं त्यांना वाहू दे."

पोराच्या वजनाचा सहावा हिस्सा, त्याच्यावर गुंजभर नाही, असा त्यांचा नियम. आणि एक वाक्य, ते दिवसातून दहादा यायचं: "पाठीवर घ्यायचं ते पाठीला विचारून घ्या." डोक्याला विचारू नका, ते हावरट असतं. मनाला विचारू नका, ते भित्रं असतं. पाठ खोटं बोलत नाही.

आता माझं. बापूस मला शिडाच्या मधल्या पट्ट्या शिवायला द्यायचा. काठ नाही. वाऱ्याचा सगळा ओढा काठावर येतो, म्हणून काठ ज्याने शिवला त्याचं ते शीड असं आमच्यात मानतात. चार वर्षं मी काठ मागत होतो आणि बापूस म्हणायचा, "बघू." ह्या तेरा पिशव्या माझ्या एकट्याच्या होत्या, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्या पोरांच्या पाठीवर चढल्या तर मी कारागीर. नाहीतर पुन्हा मधल्या पट्ट्या.

मी पहिली पिशवी शिवली आणि ती शीड शिवावं तशी शिवली. शिडाचं जाड दोसुती कापड दुहेरी, कडेने दोर आत घेऊन वरून टाका, खांद्याला घ्यायला काथ्याचे पिळलेले दोन दोर. दोन माणसांनी दोन टोकं धरून ओढली असती तरी फाटली नसती. मास्तरांनी ती रिकामीच आकडीला लावली. काटा खाली गेला आणि गेलाच.

"चार रत्तल! अरे दाभण्या, पोरगं हिच्यात काय ठेवणार? वारा?" दाभणाने शिवतो म्हणून त्यांनी माझं नाव दाभण्या पाडलं ते त्याच दिवशी.

"फाटायची नाय मास्तर. हे कापड मुंबैला जाऊन येतं."

"माझी पोरं मुंबईला उडत जाणार नाहीत."

"तुमच्या पोरांत दम नाय त्याला पिशवी काय करील?"

बापसाने मान खाली घातली. मास्तर मात्र रागावले नाहीत. मला वखारीतल्या मोठ्या तराजूवर उभं केलं, माझा सहावा हिस्सा काढला, तो एकोणीस रत्तल आला. तेवढी वाळू एका फडक्यात बांधून काट्यावर तोलली, माझ्या पिशवीत ओतली आणि म्हणाले, "पोरांचं राहू दे. तू जा. किल्ल्यावरच्या दीपगृहाच्या बत्तीपर्यंत आणि परत."

मी गेलो. जाताना शीळ घालत गेलो. चढाला शीळ बंद झाली. येताना काथ्याने दोन्ही खांद्यांवर जे काय केलं ते सांगत बसत नाही. मांडवात येऊन पिशवी उतरवली तेव्हा मास्तर म्हणाले, "सदरा काढ, बघू."

"कशाला? काय नाय झालंय."

"दाखव तर."

"काय नाय झालंय म्हणतो ना."

ते बघत राहिले, मी बघत राहिलो. सदरा मी काढला नाही. संध्याकाळी नेहमीसारखी समुद्रात बुडी मारली, त्या खाऱ्या पाण्याने डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण समुद्रात ते कोणाला दिसतं? आठ दिवस पालथा झोपलो.

माझ्या आईने ते ओळखलं. ती मासे विकायला डोक्यावर टोपली घेऊन वरच्या आळीच्या, म्हणजे बामणांच्या वस्तीच्या, अलीकडेपर्यंत जायची. एक दिवस परत आली, टोपली उतरवली, आणि डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या मांडीवर टाकली. "मेल्या, शीड शिवतोस तसं माणूस शिवायला निघालास? भार टोपलीत नसतो रे. जिथं टेकतो तिथं असतो."

बस, एवढंच. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याचं पिळून केलेलं कडं. मी रात्रंदिवस दोरांचा विचार करत होतो आणि ती गोष्ट रोज माझ्या डोळ्यांपुढून डोक्यावर बसून जात होती. मी जुनं लुगडं मागून घेतलं, त्याचे चार बोटं रुंद पट्टे केले, आत कापूस भरला आणि पिशवी एकेरी कापडाची, कडेचा दोर काढून टाकून शिवली. दोन रत्तलला काटा थांबला. मास्तरांनी पट्टा अंगठ्याने दाबला आणि विचारलं, "हे कोणाचं डोकं?"

"माझं," मी म्हणालो.

आई बाजूला मासे निवडत होती. तिने वर पाहिलंही नाही. नुसती म्हणाली, "व्हय, त्याचंच. मी फक्त त्याच्यावर टोपली ठेवली."

तेरा पिशव्या शिवून झाल्या, आणि मग मी ती गोष्ट केली. मास्तर म्हणाले होते, साखरतरच्या होडीत पाणी उडतं, आतले पोहे कोरडे राहिले पाहिजेत. गलबताची फळी पाणी पिऊ नये म्हणून आम्ही तिला माशाचं तेल लावतो. तेच मी पिशव्यांना चोपडलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी स्वतःची कल्पना, आणि तिचा मला फार अभिमान. तीन दिवस उन्हात वाळवल्या. मी हुंगून पाहिल्या. आईने हुंगून पाहिल्या. बापसाने पाहिल्या. काही वास नाही. एकदम स्वच्छ.

निघायला पाच दिवस होते. वरच्या आळीत मास्तरांच्या ओटीवर पोरं जमली होती, बऱ्याच जणांच्या आयाही आल्या होत्या. मी तेरा पिशव्यांचा भारा अंगणात उतरवला आणि छाती काढून उभा राहिलो.

पहिल्यांदा मांजर आलं. मग दुसरं आलं. मग वकीलीणबाईंनी, म्हणजे बंडूच्या आईने, नाकाला पदर लावला.

"अगंबाई! हे काय आणलंस रे?"

"पिशव्या."

"पिशव्या कसल्या, ही तर मासळीची पाटी! ह्याच्यात माझ्या बंडूने पोहे घालायचे? आत्ता वैशाखात मुंज झालीय त्याची!"

"वास नाय येत," मी म्हटलं.

"वास नाही येत?" एकदम पाच-सहा बायका बोलल्या. तोवर मांजरं पाच झाली होती. हसन आणि भंडाऱ्यांची पोरं पिशव्या पाठीला लावून अंगणात उड्या मारत होती. "मास्तर, आमाला चालतात! मस्त हायत!" हसन ओरडला. त्यांना खरंच वास येत नव्हता. मीही काही खोटं बोलत नव्हतो. जन्मापासून ज्या नाकात समुद्र भरलाय त्याला कसला वास येणार? पण हे आज लिहितो आहे. त्या दिवशी मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या कामाला नाव ठेवलं जातंय.

वकीलसाहेबांचा निरोप लगेच आला. ज्या मुलांच्या घरी चालत नसेल त्यांच्यासाठी मुंबईहून विलायती पिशव्या आगबोटीने मागवू, बाकीच्यांनी ह्या घ्याव्यात. सहा इकडे, सहा तिकडे. सगळ्यांना बरं वाटलं. मास्तरांना नाही. ते ओटीच्या पायरीवर बसले होते, आणि काटा हातात असून त्यांनी काही अडकवलं नव्हतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पथक एक तर पिशवी एक," ते म्हणाले. "खाडीच्या पलीकडे एकाने दुसऱ्याची उचलायची वेळ येते. तेव्हा ही तुमची, ही आमची करत बसणार? बारा सारख्या, नाहीतर कोणीच जाणार नाही." मग माझ्याकडे वळले. "दाभण्या, वास घालवशील?"

"नसलेला वास घालवू कसा?"

"येतो रे."

"नाय येत."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि भाऱ्यातली एक पिशवी उचलून घरात गेले. "तीन रात्री उशाला घेऊन झोपतो. मग सांगतो येतो का नाही."

मास्तरांना बायको नव्हती. थोरली विधवा बहीण होती, आक्का. सोवळ्याओवळ्याची एवढी कडक, की मास्तरांचा काटासुद्धा बाहेरून आला की उंबऱ्यावर ठेवावा लागे. त्या पिशवीचं घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच काय झालं बघायला म्हणून वरच्या आळीत गेलो, तर मास्तर ओटीवर घोंगडी पांघरून झोपलेले, उशाला माझी पिशवी, आणि डोक्याभोवती अर्धचंद्रासारखी सात मांजरं. एक तर पिशवीचा कोपरा चाटत होतं. चड्डीतले गोरे पाय गारव्याने आखडलेले. पन्नाशीच्या माणसाला बहिणीने बाहेर काढलं होतं, माझ्या पिशवीसाठी. आणि झोपेत चेहरा असा शांत, जणू गुलाबाच्या पाकळ्यांवर निजलाय.

मी त्यांना उठवलं नाही. आक्का सडा घालत होत्या, त्यांना सांगितलं, "आक्का, पिशव्यांना वास नाय. पण तुमच्या लोकांचं समाधान व्हावं म्हणून धुतो."

"किती उपकार," आक्का म्हणाल्या.

रिठे आणि राख घालून बाराच्या बारा उकळल्या. मग ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायच्या होत्या. आम्ही जाळी रंगवतो तो काढा, कापड कुजत नाही आणि तांबूस रंग चढतो. पण आमची काहील जाळ्यांची, तिला वर्षानुवर्षांची मासळी लागलेली. तिच्यात बुडवून काय उपयोग? हे माझ्या लक्षात आलं नाही, आक्कांच्या आलं. त्यांनी न्हाणीतला तांब्याचा मोठा हंडा काढून अंगणात ठेवला. "घे. परत मात्र माझ्या चुलीवर चढणार नाही हा. आणि पाण्याचं म्हणशील तर सगळ्यांचे पोहे मी सुपारीच्या विरीत बांधून देईन. विरीला तेल लागत नाही आणि तिच्यातून पाणीही जात नाही. माझी आई प्रवासाला तशीच शिदोरी बांधायची." सुपारीच्या झावळीचं ते चिवट सालपट तिथे परसात पायाखाली पडलेलं असायचं. मी माशाचं तेल शोधत बंदरावर फिरत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी आक्कांचं नाक हेच न्यायालय ठरलं. मी एकेक पिशवी काठीच्या टोकाला टांगून पुढे धरायची, त्यांनी ओटीवरून हुंगायची. वकीलीणबाई शेजारी साक्षीला. "ही चालेल." "चालेल." "ही... चालेल." बारा पास झाल्या. मग तेरावी, मास्तरांच्या उशाची. ती काही त्यांनी मला धुवायला दिलीच नव्हती. तीन रात्री म्हणजे तीन रात्री.

"शिव शिव," आक्का म्हणाल्या.

"ती माझी," मास्तर म्हणाले. "पुढाऱ्याने उरलेलं घ्यावं."

पथक निघालं तेव्हा मी साखरतरपर्यंत मागून गेलो, पिशव्या पाठीवर कशा बसतात ते बघायला. बारा तांबूस पाठी एका ओळीत. शेवटी मास्तर, त्यांच्या पाठीवर तेलकट पिवळी तेरावी, आणि तिच्यामागे वरच्या आळीची तीन मांजरं शेपट्या वर करून. शिरगावात आणखी दोन मिळाली. लोक दारात येऊन बघत होते. मास्तर वळून म्हणायचे, "रांग धरा!" आणि कोणाला म्हणतायत ते कळायचं नाही. खाडीशी मांजरं थांबली. होडी लांब जाईपर्यंत ती काठावर बसून होती, मीही.

पुढं वर्षानुवर्षं ते मांडवात यायचे. चौतीस साली माझी मोठी मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी दारात काटा घेऊन उभे. मुलीला झोळीत घालून आकडीला लावली, माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. "सहा रत्तल," मास्तर म्हणाले. "दाभण्या, आता पाठीला विचारून काही चालायचं नाही. हे घ्यावंच लागतं." ती मुलगी आज आजी आहे आणि सहा रत्तलची राहिलेली नाही. शिडाचा काठ मला बापसाने पिशव्यांनंतरच्या होळीला दिला. नुसता काठ माझ्यापुढे सरकवून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

पण मी त्या फेरीबद्दल सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सूर्य कलताना पथक परत आलं, ते सरळ घरी न जाता बंदरावर, आमच्या मांडवात आलं. पोरं उन्हाने काळी पडली होती. वकिलांचा बंडू माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलला, "माझी होडीतून पाण्यात पडली! पोहे कोरडे! हसनने उडी मारून काढली!" हसन म्हणाला, "मग मी बी खाल्ले त्यातले. आक्कांचे पोहे लय भारी." बंडूच्या आईला हे कोणी सांगितलं नसावं, निदान मी तरी नाही.

मास्तरांनी पोरांना ओळीत उभं केलं. "सदरे काढा." बारा सदरे निघाले. ते एकेका पाठीमागून गेले, प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवरून अंगठा फिरवला. कुठे लाली नाही, चरा नाही, फोड नाही. बापूस टाका अर्धा सोडून बघत होता.

मग ते माझ्यापुढे आले. "आता तुझा."

का कोणास ठाऊक, ह्या वेळी मी काढला. महिना होऊन गेला होता तरी काथ्याचे दोन वळ दोन्ही खांद्यांवर होते. ते आजही आहेत, नाती विचारतात तेव्हा मी गलबताच्या दोराचे सांगतो. मास्तरांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि खिशातून काटा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"वाळू मी फडक्यात तोलली," ते म्हणाले. "एकोणीस. मग तुझ्या पिशवीत ओतली. पिशवीचे चार धरायचे राहिले." पोरं सगळी ऐकत होती. "चार रत्तलची म्हणून मीच ओरडलो आणि मीच धरले नाहीत. चूक माझी, दाभण्या. तुझी पाठ त्या दिवशीच सांगत होती."

तेवीस रत्तल घेऊन मी किल्ला चढलो होतो ह्याचा आनंद मानावा की एवढ्या माणसाने बारा पोरांसमोर मान खाली घातली ह्याने लाजावं, कळेना. मी सदरा चढवला आणि दाभणात दोरा ओवू लागलो. तो ओवला जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या आळीत गेलो. तेरावी पिशवी आक्कांनी अंगणाबाहेर फणसाच्या फांदीला लटकवली होती, खाली मांजरं बसली होती. मास्तर ओटीवर चहा घेत होते. मी पिशवी उतरवली, तिच्यात तोंड घालून मोठा श्वास घेतला, आणि म्हटलं, "मास्तर, येतो."

"काय येतो?"

"वास."

त्यांनी बशी खाली ठेवली. मी पिशवी खांद्याला लावली आणि धुवायला म्हणून बंदराची वाट धरली. मांजरं उठली आणि माझ्यामागून चालू लागली.